हातानं बनवलेल्या गिटारच्या नेकचा सुटलेला सांधा पुन्हा कसा जोडायचा

मी स्वतः बनवलेल्या पहिल्या गिटारचं डोकं मे महिन्यात गाडीत सुटलं. सोलापूरला पोचल्यावर केस उघडली, तर तारा लोंबत होत्या, हेडस्टॉक (किल्ल्या बसवलेलं डोकं) पुढे कलला होता आणि नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिच्या) खालच्या तिरप्या सांध्यात मागच्या बाजूनं नख शिरेल एवढी फट पडली होती. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून गोंद आणला, फटीत ओतला, क्लॅम्प कसला आणि दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या. दीड महिन्यात सांधा परत उघडला. या वेळी साफ करायला, पहिल्याच वेळी लागला असता त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, कारण जुन्या गोंदाच्या थरावर नव्याचा थर बसला होता आणि लाकूड दोन्हींच्या खाली होतं.

गिटार बनवायला नुकतीच सुरुवात केलेल्या आणि पहिल्यांदाच सांधा सुटलेला बघणाऱ्या माणसासाठी हा लेख आहे. नेकमध्ये, म्हणजे गिटारच्या लांब दांडीत, गोंदाचे सांधे बरेच असतात. नेक बॉडीला जोडलेली असते, टाचेचे ठोकळे एकावर एक चिकटवलेले असतात, फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबायची पट्टी, वरून चिकटवलेला असतो. इथे मी हेडस्टॉकच्या तिरप्या सांध्याबद्दलच बोलणार आहे, ज्याला गिटारवाले स्कार्फ जॉइंट म्हणतात. घरी बनवलेल्या गिटारमध्ये मी सर्वात जास्त वेळा हाच सुटलेला पाहिला आहे. आणि नवख्या माणसाला नीट दुरुस्त करता येईल असाही हाच आहे.

हा सांधा असतो कशासाठी, ते आधी सांगतो. हेडस्टॉक नेकच्या रेषेपासून साधारण १३ ते १५ अंश मागे झुकलेला असतो, म्हणजे तारा नटवर दाबून बसतात. एकाच फळीतून असा आकार कापला, तर लाकडाचे रेषे वाकाच्या ठिकाणी आडवे कापले जातात आणि तिथे लाकूड सहज मोडतं. म्हणून फळी तिरपी कापतात, कापलेला तुकडा उलटा करून चिकटवतात. रेषे मग दोन्ही भागांत लांबीनं धावतात. २० मिलिमीटर जाडीची फळी १५ अंशांत कापली, की जोडाची लांबी ७७ मिलिमीटरच्या आसपास येते. नेकची रुंदी ५० मिलिमीटर धरली, तर जवळजवळ ४० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग गोंदाला मिळतो. एवढा सांधा नीट जमला असेल तर तो लाकडापेक्षा मजबूत असतो. म्हणूनच तो सुटला असेल तर कारण शोधायलाच हवं.

तारा उतरवा आणि सगळं सुटं करा

हलक्या गेजच्या, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंचाची असलेल्या स्टीलच्या सहा तारा नेहमीच्या सुरात मिळून ७० किलोहून जास्त ओढ देतात. नायलॉनच्या तारांची ओढ ४० किलोच्या आसपास असते. अर्धवट उघडलेल्या सांध्यावर ही ओढ तशीच ठेवून ‘उद्या बघू’ म्हटलं, तर फट वाढत जाते आणि शेवटी गोंदाऐवजी लाकूडच चिरतं. तेव्हा आधी सगळ्या तारा थोड्या थोड्या, आळीपाळीनं सैल करा. मग ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक जुळवणारी तिच्या आतली धातूची सळई, सैल करा. ट्यूनिंगच्या किल्ल्या, त्यांचे वॉशर आणि बुशिंग काढून डब्यात ठेवा. नट काढायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या पॉलिशवर आधी धारदार पात्यानं रेघ मारा आणि लाकडी ठोकळा ठेवून हलकेच टिचकी द्या. रेघ न मारता ठोकलं तर नटबरोबर पॉलिशचा पापुद्राही निघतो.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलनं फोटो काढून ठेवा. आठ दिवसांनी कुठला स्क्रू कुठला, हे आठवत नाही.

सुटलाय सांधा की तडकलंय पॉलिश?

सांध्याच्या रेषेवर बारीक केसासारखी रेघ दिसली म्हणजे सांधा सुटला, असं नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि त्यात पॉलिश सांध्यावर तडकू शकतं. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलची बॅटरी नेकला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडा. डाव्या हातानं नेक पहिल्या-दुसऱ्या फ्रेटपाशी धरा, उजव्या हातानं हेडस्टॉक अगदी हलका पुढे-मागे दाबा आणि रेघेकडे बघत राहा. रेघ श्वास घेतल्यासारखी उघडत-मिटत असेल, तर सांधा सुटलाय. एटीएमच्या पावतीचा कागद किंवा फीलर गेजची सर्वात पातळ पट्टी त्यात शिरते का बघा. किती खोल शिरते तेही मोजा आणि पेन्सिलनं बाजूला खूण करा.

फट सांध्याच्या सरळ रेषेवर आहे की तिला सोडून वेडीवाकडी धावते आहे, हेही याच वेळी बघून घ्या. वेडीवाकडी असेल तर ते लाकडाचं मोडणं आहे आणि त्याची दुरुस्ती वेगळी. मोडलेल्या लाकडाला रंधा किंवा काचकागद अजिबात लावायचा नाही, कारण तुटलेले रेषेच एकमेकांत बसून जागा दाखवतात. ते फक्त स्वच्छ करून, जसे तुटले तसेच परत बसवायचे. पुढचं सगळं सरळ, सपाट सांध्याबद्दल आहे.

पूर्वीचा गोंद कोणता होता?

गिटार तुम्हीच बनवली असेल तर उत्तर माहीतच आहे. दुसऱ्यानं बनवलेली असेल तर फटीच्या तोंडाशी किंवा नटच्या खाली गोंदाचा एखादा थेंब सापडतो, त्यावर कोमट पाण्याचा ओला बोळा पाच-दहा मिनिटं ठेवा. सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनवलेला जुन्या पद्धतीचा गोंद) असेल तर तो बोटाला चिकट लागतो. सुकलेला असताना तो पिवळसर आणि काचेसारखा ठिसूळ असतो. सुतारकामाचा पांढरा किंवा पिवळा पीव्हीए गोंद पाण्यानं पांढुरका पडतो आणि रबरासारखा मऊ होतो. इपॉक्सीला (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाला) पाण्यानं काहीच होत नाही.

ही तपासणी टाळू नका, कारण पुढचा निर्णय तिच्यावर आहे. ताजा गरम सरस जुन्या सरसाला वितळवून त्यात मिसळतो, त्यामुळे सरसाचा सांधा पूर्ण खरवडायची गरज नसते. इटलीतल्या क्रेमोना गावची जुनी व्हायोलिनं शतकानुशतकं उघडून परत बंद करता आली, ती या एका गुणामुळे. पीव्हीएचं तसं नाही. सुकलेल्या पीव्हीएवर नवा पीव्हीए धड धरत नाही. इपॉक्सीवरही तेच. तिथे लाकूड उघडं करावंच लागतं. माझी पहिली दुरुस्ती फसली ती इथेच.

सांधा पूर्ण उघडणं

आता मनाविरुद्ध जाणारं काम. अर्धवट सुटलेला सांधा शक्य असेल तर पूर्ण उघडायचा. ज्या कारणानं अर्धा भाग सुटला तेच कारण बहुधा उरलेल्या अर्ध्यातही दबा धरून असतं. गरम करूनही पातं पुढे सरकत नसेल, उरलेला भाग घट्ट असेल, तर मात्र बळजबरी नको. सुटलेला भागच साफ करून जोडा.

सांध्याच्या संपूर्ण रेषेवर, दोन्ही बाजूंनी आणि मागून, पॉलिशवर पात्यानं रेघ मारून घ्या. हेडस्टॉकवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवला असेल आणि तो सांध्यावरून जात असेल, तर तो आधी उष्णतेनं उचलावा लागतो. सांध्याचं टोक फ्रेटबोर्डखाली जात असेल तर फ्रेटबोर्डचं तेवढंच टोक.

उष्णतेसाठी हॉट एअर गन वापरू नका. ती पॉलिशला फोड आणते, आणि नवख्या हातात लाकूड करपायला एक मिनिट पुरतं. घरची इस्त्री चालते, पण तीही थेट पॉलिशवर टेकवू नका. मी नवीन माणसाला सांगतो ती पद्धत सर्वात सावकाश आणि सर्वात सुरक्षित आहे: पुट्टी भरायची पातळ, लवचीक पाती दोन घ्या, त्यांच्या कडा काचकागदानं गोल करा, एक इस्त्रीवर तापत ठेवा आणि दुसरी सांध्यात. गार झाली की बदला. पीव्हीए गोंद ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास धरणं सोडू लागतो, तेवढी उष्णता पात्यातून हळूहळू आत जाते. सरस असेल तर पात्याबरोबर कोमट पाण्याचे दोन-चार थेंबही आत सोडा.

पातं ढकलायचं नाही, डावी-उजवीकडे हलवत सरकवायचं. लाकडाच्या रेषांकडे सतत लक्ष असू द्या. पातं गोंदाची रेषा सोडून लाकडात घुसतंय असं वाटलं, की थांबा आणि विरुद्ध टोकाकडून या. या कामाला एक तास लागला तरी लागू द्या. मी एकदा शेवटचे १५ मिलिमीटर हातानं झटका देऊन उघडले होते आणि महोगनीची एक लांब चीप मागच्या बाजूनं सोलून निघाली. सांध्याची दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती, त्या चिपेनं आठवडा खाल्ला.

उघडलेल्या सांध्यात काय दिसतं

दोन्ही तुकडे वेगळे झाले की लगेच साफ करायला घेऊ नका. खिडकीशी बसा आणि दोन्ही पृष्ठभाग नीट बघा. सांधा का सुटला हे तिथे लिहिलेलं असतं, आणि काचकागद फिरवलात की ते कायमचं पुसलं जातं.

दोन्ही बाजूंना गोंदाचा चकचकीत, गुळगुळीत थर असेल, तर गोंद लावल्यापासून क्लॅम्प कसेपर्यंत फार वेळ गेला आणि गोंदावर साय धरली. किंवा तुकडे एकमेकांना नीट टेकलेच नव्हते. पिवळा गोंद लावल्यावर हातात साधारण पाच मिनिटं असतात, उन्हाळ्यात पंख्याखाली त्याहून कमी. चकाकी फक्त मधल्या भागात असेल, तर पृष्ठभाग मध्ये खोलगट होता.

एका बाजूला सगळा गोंद आणि दुसरी बाजू कोरी करकरीत असेल, तर कोऱ्या बाजूनं गोंद घेतलाच नाही. सागवानाच्या आणि शिसवाच्या नेकमध्ये हे फार दिसतं. या लाकडांत तेलकट द्रव्य असतं. रंधा मारल्यावर पृष्ठभाग तसाच दोन-चार दिवस पडून राहिला, तर ते वर येतं आणि गोंद लाकडात मुरत नाही. बोथट रंध्यानं किंवा झिजलेल्या काचकागदानं घासून घासून चकचकीत केलेलं लाकूडही असंच वागतं.

दोन्हीकडे गोंद जवळजवळ नाहीच, लाकूड फक्त डागाळलेलं आहे, असं दिसलं तर गोंद कमी पडला. तिरप्या कापात लाकडाच्या रेषांची तोंडं थोडी उघडी असतात, ती गोंद पिऊन टाकतात. क्लॅम्प अति आवळल्यावरही हे होतं, पण कमी गोंद लावणं हे कारण मी जास्त वेळा पाहिलंय.

गोंद पांढराफटक, खडूसारखा भुरभुरीत असेल, तर जोडताना थंडी होती. पीव्हीए गोंदाचे कण एकमेकांत विरघळून सलग थर व्हायला किमान तापमान लागतं; पिवळ्या गोंदाच्या बाटलीवर ते बहुधा १० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. लाकूडही तेवढं उबदार असावं लागतं. माझ्या गिटारचा अर्धा सांधा असा खडू झाला होता. जानेवारीत, पुण्यात, गच्चीवर, सकाळी साडेसहाला मी तो जोडला होता. हात गारठलेले आठवतात, पण गोंदालाही थंडी वाजत असेल हे तेव्हा सुचलं नाही.

गोंद चिंगमसारखा ताणलेला, त्यात पुसट धागे किंवा ओढल्याच्या खुणा असतील, तर उष्णतेनं घात केला. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जातं. पीव्हीए तिथे मऊ होतो, आणि तारांची ओढ तर चालूच असते. माझ्या सांध्याचा उरलेला अर्धा भाग असा ताणला गेला होता. म्हणजे अर्ध्या भागानं कधी धरलंच नव्हतं, उरलेल्या अर्ध्यानं एकट्यानं चार महिने ओझं वाहिलं आणि गाडीच्या उन्हात हात टेकले. हे आधी बघितलं असतं, तर त्या फटीत मी गोंद ओतला नसता.

आणि पृष्ठभागावर लाकडाचे तंतू उपटलेले दिसत असतील, एका तुकड्याचं लाकूड दुसऱ्याला चिकटून आलं असेल, तर गोंदानं काम चोख केलं होतं, लाकूड हरलं. गिटार पडली होती का, हे मालकाला विचारा.

जे दिसलं ते वहीत लिहा. पुढचं काम त्यावर अवलंबून आहे.

लाकूड उघडं करणं

पीव्हीए असेल तर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून कापडानं पृष्ठभागावर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. गोंद साबणाच्या लगद्यासारखा होतो आणि पटाशीची धार उभी धरून खरवडता येतो. लाकूड चिंब करू नका. नंतर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं व्हिनेगर पुसून तुकडे एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या, पावसाळ्यात आणखी जास्त. दोन्ही तुकडे त्याच खोलीत, शेजारी शेजारी ठेवा. एक ओलसर आणि एक कोरडा असे जोडले, तर सुकताना ते एकमेकांना ओढत राहतात. इपॉक्सीला व्हिनेगरनं काही होत नाही. ती गरम करून खरवडावी लागते.

यानंतर पृष्ठभाग सपाट करायचा, आणि इथे हात आखडता ठेवा. हातात काचकागद धरून कधीच घासू नका. कडा गोल होतात आणि नेमकी कडेला, जिथे सांधा आधी उघडतो तिथेच, फट राहते. जाड काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा कागद चिकटवा आणि तुकडा त्यावर घासा. रंधा नीट लावता येत असेल, तर धार लावलेल्या छोट्या रंध्याचे एक-दोन पापुद्रे सर्वात उत्तम. रंध्यानं कापलेलं लाकूड उघडं, ताजं असतं आणि गोंद ते मनापासून घेतं.

किती काढायचं? गोंद जाईल तेवढंच. सांधा तिरपा असल्यामुळे हिशेब फसवा आहे: पृष्ठभागावरून ०.३ मिलिमीटर लाकूड गेलं, की वरच्या पातळ्या जुळवण्यासाठी हेडस्टॉक उतारावर १ मिलिमीटरहून जास्त सरकवावा लागतो. मग बाजूंची पॉलिशची रेषा जुळत नाही, नटची जागा बदलते. एकदोन दशांशात भागलं तर नंतर थोडं घासून पॉलिश करून निभावतं.

पृष्ठभाग तयार झाला का, हे बघायला पाण्याचा एक थेंब पुरतो. थेंब मिनिटाभरात पसरून मुरला, तर गोंदही मुरेल. मोत्यासारखा उभा राहिला, तर लाकूड तेलकट आहे किंवा घासून चकचकीत झालंय. सागवान आणि शिसवावर जोडण्याच्या अगदी आधी स्वच्छ फडक्यानं अ‍ॅसिटोन फिरवा, उडून जाऊ द्या आणि मग फार वेळ न घालवता गोंद लावा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

आता कोरडे तुकडे एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडासमोर धरा. कुठूनही उजेड दिसता कामा नये. एका बाजूला खडू घासून दुसरी त्यावर दाबा. खडू जिथे उमटत नाही तिथे लाकूड टेकत नाही. इथे तडजोड केलीत, तर पुढचं सगळं वाया जाईल.

कोणता गोंद घ्यायचा

नवीन माणसानं लाकूडकामाचा पिवळा अ‍ॅलिफॅटिक गोंद घ्यावा. सुकल्यावर तो कडक होतो आणि सतत ओढ असतानाही फार कमी सरकतो. घरोघरी असतो तो पांढरा सुतारी गोंद टेबल-खुर्चीला चांगला आहे. पण टेबलाच्या सांध्यावर रात्रंदिवस ७० किलोची ओढ नसते. मऊ गोंद अशा ओढीखाली महिनोन्महिने किंचित किंचित सरकत राहतो. बाटली जुनी नको. गोंद बोटांत दोरीसारखा ताणला जात असेल तर ती बाटली टाकून द्या.

गरम सरसाबद्दल मला मनापासून आदर आहे. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांच्या कामात तो पूर्वापार चालत आलाय, सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि पुढच्या पिढीतला कारागीर तो सहज उघडू शकतो. मूळ सांधा सरसाचा असेल तर सरसानंच जोडा. पण तो रात्रभर गार पाण्यात भिजवून, मग पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवावा लागतो, उकळला तर त्याची ताकद जाते, आणि लावल्यावर हातात मिनिटभरच असतं. आधी भंगारातल्या लाकडावर दहा सांधे जोडून बघा, मग गिटारला हात लावा. आणि गिटार कोकणात राहणार असेल, तर पावसाळ्यातल्या दमट हवेत तिची जास्त काळजी घ्यावी लागेल.

इपॉक्सी दोनच वेळा: लाकूड इतकं तेलकट असेल की दुसरं काही धरत नाही, किंवा लाकूड गेल्यामुळे पृष्ठभाग आता पूर्ण टेकूच शकत नाहीत. तीही सावकाश सुकणारी, पाच मिनिटांची नको. झटपट चिकटणारा सुपरग्लू फक्त पॉलिशच्या टवक्यांसाठी ठेवा.

स्क्रू किंवा खिळा मारण्याचा सल्ला कुणीतरी नक्की देईल. मारू नका. सांध्यावरची ओढ ४० चौरस सेंटिमीटरवर वाटली जात असते, स्क्रू ती एका टोकावर गोळा करतो आणि लाकूड तिथून चिरतं. पुढच्या वेळी कुणाला तो सांधा उघडायचा असेल, तर त्याचं पातंही त्या लोखंडावर अडतं.

रंगीत तालीम

गोंदाची बाटली अजून बंदच राहू द्या. तिरप्या सांध्याला गोंद लावून दाबलं, की वरचा तुकडा ओल्या साबणासारखा उतारावरून घसरतो. हे पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या हातात चार क्लॅम्प होते आणि पाचवा हात नव्हता. म्हणून घसरण आधीच बांधून टाकायची.

सपाट जाड फळीवर नेक क्लॅम्पनं पक्की करा. दोन्ही तुकडे कोरडेच बरोबर जुळवा आणि हेडस्टॉकच्या टोकाला टेकून फळीवर एक ठोकळा स्क्रूनं बसवा. मागे सरकायला जागाच नाही. शिवाय नटच्या खाली किंवा हेडस्टॉकच्या पापुद्र्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, तुकडे जुळलेले असतानाच, २ मिलिमीटरची दोन भोकं आरपार पाडून त्यांत बांबूच्या काड्या घाला. जोडताना याच काड्या तुकडे जागेवर ठेवतात.

क्लॅम्पचे तोंड तिरप्या लाकडावर सपाट बसत नाही. त्यासाठी नेकच्या उतारानुसार पाचरीच्या आकाराचे दोन ठोकळे कापा, म्हणजे दाब सांध्याला काटकोनात पडतो. ठोकळ्यांना लाकडाच्या बाजूला कॉर्क किंवा जाड पुठ्ठा लावा आणि त्यावर पॅकिंगची पारदर्शक टेप, नाहीतर ठोकळाच गिटारला चिकटेल. नेकची मागची बाजू गोल असेल, तर ठोकळाही तसा कोरावा लागेल.

क्लॅम्प किती? मध्यम कडक लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या आसपास दाब लागतो, म्हणजे आपल्या सांध्याला मिळून सुमारे ४०० किलो. ऐकायला फार वाटतं, पण चांगले लोखंडी क्लॅम्प हातानं कसले तरी प्रत्येकी १०० किलोच्या वर दाब सहज देतात. तीन नाही, चार लावा. प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी हे काम होत नाही.

आता घड्याळ लावून सगळं कोरडं कसा आणि सोडा. पाच मिनिटांत होत नसेल, तर मांडणी सुधारा आणि परत करा. मी अजूनही दोनदा करतो.

जोडणं

खोली २० अंशांच्या वर उबदार असावी, पंखा बंद. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ, सलग थर लावा. जुन्या दातांच्या ब्रशनं छान पसरतो. तिरप्या कापाची तोंडं गोंद पितात, म्हणून अर्धा मिनिट थांबा आणि जिथे लाकूड कोरडं दिसतंय तिथे परत लावा. ट्रस रॉडची खाच सांध्यातून जात असेल, तर तिच्या दोन्ही कडांपासून ३ मिलिमीटर जागा कोरी सोडा आणि रॉडला आधीच मेण चोळून ठेवा. गोंद आत जाऊन रॉड जाम झाला, तर ती गिटार परत नीट जुळवता येणार नाही.

तुकडे एकमेकांवर ठेवा, किंचित पुढे-मागे चोळा, काड्या घाला, टोकाचा ठोकळा टेकलाय का बघा. मधला क्लॅम्प आधी, पण हलका. मग कडेचे. मग आळीपाळीनं सगळे थोडे थोडे आवळा. सांध्याच्या संपूर्ण रेषेवर गोंदाचे बारीक मणी एकसारखे बाहेर यायला हवेत. एखाद्या ठिकाणी मणी आलेच नाहीत, तर तिथे गोंद किंवा दाब कमी आहे. पहिल्या दोन-तीन मिनिटांत उघडून सुधारता येतं, नंतर हात लावू नका. सगळे कसल्यावर पट्टी लावून हेडस्टॉक वाकडा तर नाही ना, हे एकदा तपासा.

पॉलिशवर आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच पुसा. कोपऱ्यातला गोंद अर्ध्या तासानं जेलीसारखा झाला की कोल्ड्रिंकच्या नळीच्या तिरप्या टोकानं उचलला जातो. बाटलीवर अर्धा तास क्लॅम्प पुरे असं लिहिलेलं असलं, तरी या सांध्याला मी पूर्ण २४ तास देतो. क्लॅम्प काढल्यावरही किमान तीन दिवस तारा नाहीत, जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा.

हाच सांधा दुसऱ्यांदा उघडून जोडत असाल आणि लाकूडही थोडं फाटलेलं असेल, तर हेडस्टॉकच्या मागून सांध्यावर २ मिलिमीटर जाडीची कडक लाकडाची पट्टी चिकटवणं योग्य. एरवी पहिल्या दुरुस्तीला तिची गरज पडत नाही.

तारा चढवण्याआधी आणि नंतर

काड्यांची टोकं कापून टाका, सांध्यावरची पातळी काचकागदानं जुळवा, पॉलिश लावा. लाखेचं पॉलिश असेल तर काम सोपं, कारण नवा थर जुन्यात मिसळून जातो. पॉलिश करण्याआधी मात्र तारांची परीक्षा घ्या. सांधा सरकला तर पॉलिशची मेहनत तरी वाचते.

सांध्याच्या रेषेवर आडवी, दोन्ही बाजूंना, अगदी बारीक टोकाच्या पेन्सिलनं एकेक रेघ काढा. नट बसवा, तारा चढवा, पण नेहमीच्या सुरापेक्षा दोन स्वर खाली. एक दिवस तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी भिंगातून पेन्सिलची रेघ बघा. ती सांध्यावर तुटलेली, पायरीसारखी सरकलेली दिसली तर तारा उतरवा आणि सुरुवातीपासून कारण शोधा. अखंड असेल तर पूर्ण सुरात आणा आणि आठवडाभर रोज बघा. त्यानंतर ट्रस रॉड जुळवा. स्टीलच्या तारांच्या गिटारला सातव्या-आठव्या फ्रेटपाशी साधारण ०.२ मिलिमीटरचा खोलगटपणा पुरतो.

माझ्या त्या गिटारवर पेन्सिलची रेघ अजून आहे. पॉलिश तिच्यावरूनच केलं, पुसायची इच्छा झाली नाही. आता मे महिन्यात ती गाडीत एकटी राहत नाही. जेवायला थांबलो तर केस माझ्याबरोबर धाब्यावर येते.